मांडीवरचे मूल आणि कायद्यातील पळवाट

२०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आलेल्या जामसांवलीच्या हनुमान मंदिराकडे शनिवारी-मंगळवारी जी वाहने जातात, ती थोडी निरखून पाहावीत. नागपूरहून आलेली मोटार असो की सौंसरकडील संत्र्याच्या बागांतून निघालेली मोटारसायकल, लहान मूल बहुधा ठरलेल्या जागीच असते : मोटारीत आईच्या मांडीवर, मोटारसायकलवर बापाच्या पुढे टाकीवर. नाताळात आपण गावी जातो, किंवा तान्ह्याला बाप्तिस्म्यासाठी उपासनामंदिरात नेतो, तेव्हा आपलेही मूल तेथेच असते. तेव्हा वाचकहो, हा प्रश्न कोणा एका समाजाचा नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन कलम १९४-ब आले. चौदा वर्षांखालील मुलाला सुरक्षा पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या खास आसनात बांधले नसेल, तर एक हजार रुपये दंड. तो केवळ चालकाला नव्हे, तसे वाहन चालवू देणाऱ्यालाही. नियम वरकरणी चोख आहे. पण त्यातील ‘किंवा’ हा शब्द पाहा. मोटारीतला पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. मुलाची उंची जवळजवळ दीड मीटर होईपर्यंत तो खांद्याऐवजी मानेवर आणि कमरेच्या हाडाऐवजी पोटावर येतो. तीन वर्षांच्या मुलाला असा पट्टा अडकवला की बापाचा दंड चुकतो, मुलाचा धोका चुकत नाही. दुचाकीवरील चार वर्षांखालील मुलांसाठीही नियम झाले व ते फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहेत : मुलाला चालकाशी जोडणारा पट्टा, नऊ महिन्यांपुढील मुलाला हेल्मेट, वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नको. ते पाळणारा भेटला तर सांगावे. ऑटोरिक्षात तर बांधायला पट्टाच नसतो.

पळवाटा आपल्याच देशात निघतात असे नाही. मुलांच्या आसनाचा कायदा अमेरिकेत सर्वांत आधी टेनेसी राज्याने केला. तो १९७८ च्या आरंभी अमलात आला. डॉ. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञांनी त्यासाठी पुष्कळ खटपट केली होती. पण त्यात एक सवलत शिरली : मोठ्या माणसाने मुलाला हातात धरले असेल तर चालेल. दिसायला किती मायेची सवलत! तिच्या विरोधकांनी तिला ‘मूल चिरडणारी दुरुस्ती’ असे नाव दिले. टक्कर झाली की आईचे हात मूल धरून ठेवू शकत नाहीत. आणि आईने पट्टा लावला नसेल तर तिचेच वजन मुलावर येते. १९८१ साली ती सवलत काढून टाकण्यात आली.

ताशी ४० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सहा मीटरांहून अधिक उंचीवरून पडणे, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून. अशा गच्चीच्या उघड्या कडेवर कोणती आई तान्ह्याला घेऊन बसेल? अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्याभोवती कठडा करण्याची आज्ञा आहे, नाही तर पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष घरावर येतो. तेथे शिपाई पाहतो की नाही, याचा उल्लेखही नाही. सवलत एवढेच सांगते की येथे सरकार आपल्याला धरणार नाही. आपण मात्र तिचा अर्थ ‘दोष नाही’ असा करून मोकळे होतो. प्रौढ माणसाने पट्टा लावला नाही, तर धोका त्याने स्वतः पत्करला असे म्हणता येईल. तान्ह्याने काही पत्करलेले नसते. त्याच्या वतीने ते आपण करतो.

येथे एक आक्षेप खरा आहे, व तो बाजूला सारता कामा नये. असे आसन काही हजार रुपयांना मिळते. ज्याच्या घरी एकच जुनी मोटारसायकल आहे आणि तापाने फणफणलेले मूल रात्री सौंसरच्या दवाखान्यात न्यायचे आहे, त्याने काय करावे? त्याला मिळालेली सूट ही पळवाट नव्हे, दया आहे. पाळताच येणार नाही असा कायदा गरिबाला फक्त गुन्हेगार ठरवतो. तोही जमेल तेवढे करतोच : मुलाला टाकीवर न बसवता दोघांच्या मध्ये घेतो, गाडी हळू हाकतो. पण या सुटीचा आधार घेतो कोण? दहा लाखांची मोटार घेऊन तिला भारी आसनपट्ट्या नि गाण्यांचे यंत्र बसवणारा! ‘मूल रडते’, ‘जवळच तर जायचे आहे’, ‘मांडीवर शांत राहते’, ही त्याची उत्तरे. गरिबासाठी उघडे ठेवलेल्या दारातून तो आत शिरतो, आणि तेही आपल्याच मुलाला घेऊन.

गावात लग्नाची मोठी भांडी एका ठिकाणी ठेवून ज्याला लागतील त्याला देतात. तशी दोन-तीन आसने एखाद्या मंडळीने घेऊन ठेवली, आणि बाळंतपणानंतर घरी जाणाऱ्या बाळाला किंवा भाड्याच्या मोटारीने प्रवासाला निघालेल्या कुटुंबाला ती दिली, तर खर्च फार नाही. मात्र अपघातात सापडलेले आसन पुन्हा वापरू नये, आणि तान्ह्याचे आसन मागे तोंड करून बसवायचे असते, हे देणाऱ्याने दाखवून द्यावे.