सुळाचे पाणी आणि माणसाचे काम

गंगाखेडच्या जनाबाईची कथा परभणी जिल्ह्यात कुणाला सांगावी लागत नाही. विठ्ठल जनीला दळू लागायला आला आणि जाताना आपले पदक विसरला. बडव्यांनी चोरीचा आळ नामदेवांच्या घरच्या या दासीवर घातला, तिला चंद्रभागेच्या वाळवंटात सुळावर द्यायला नेले, आणि सुळाचे पाणी झाले. आपण त्या चमत्कारापुढे हात जोडतो. पण कथेत आळ आणि शिक्षा यांच्यामध्ये चौकशी जवळजवळ नाहीच, याकडे आपले लक्ष जात नाही. न्याय देवाच्या हाती आहे असे मानणाऱ्याने सत्याचा शोध घ्यावा की देवावर सोडून द्यावे? शोध घेणे हा श्रद्धेचाच भाग आहे, असे मला वाटते.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये घडणाऱ्या रहस्यकादंबऱ्यांची ओढ याच प्रश्नातून येते. एलिस पीटर्स यांच्या 1977 ते 1994 या काळात आलेल्या 20 कादंबऱ्यांचा नायक ब्रदर कॅडफेल हा बाराव्या शतकातील श्रूजबरीच्या मठात औषधी वनस्पतींची बाग सांभाळणारा साधू आहे. ‘द सँक्चुअरी स्पॅरो’मध्ये चोरी आणि खुनी हल्ल्याचा आळ आलेला एक फिरस्ता गवई जमावापुढे पळत मठात शिरतो. तेथे त्याला 40 दिवसांचे अभय मिळते आणि कॅडफेल त्या मुदतीत तपास करतो. प्रार्थना आणि तपास या दोन्ही गोष्टी त्याच्या एकाच व्रतात बसतात. यावर आक्षेप असा, की हे आधुनिक मन जुन्या झग्यात घातले आहे. त्या काळी तर दिव्यावरच, म्हणजे देव कौल देतो असे मानून घेतलेल्या शारीरिक परीक्षेवरच, न्याय होत असे. पण दिव्यविधीत पुरोहितांनी भाग घेऊ नये, असे 1215 मध्ये खुद्द चर्चच्याच लॅटरन परिषदेने ठरवले आणि 1219 मध्ये इंग्लंडच्या राजसत्तेने दिव्याचा मार्ग सोडला. आपल्याकडेही उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचे रवादिव्य होते. तरीही लेख, भोग (म्हणजे ताबा) आणि साक्षीदार यांपैकी काहीच नसेल तरच दिव्य घ्यावे, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते, आणि तिच्यावरची मिताक्षरा ही टीका बाराव्या शतकाच्या सुमारास मराठवाड्यालगतच्या कल्याणच्या चालुक्य दरबारात लिहिली गेली. म्हणजे आधी माणसाने पुरावा पाहावा, हा विचार त्या श्रद्धावान जगातलाच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: भक्ताला पुराव्याची गरज नसते, देव सारे जाणतो. देव जाणतो हे खरेच. पण निवाडा करायला बसलेली माणसे जाणत नाहीत, आणि सूळ तीच उभा करतात. चौकशीत संशय घ्यायचा तो देवाच्या ज्ञानावर नव्हे, आपल्या घाईवर. शिवाय जनीसाठी सुळाचे पाणी झाले, पण आळ आलेल्या प्रत्येक गरिबासाठी तसे होत नाही. त्याला चमत्काराच्या भरवशावर सोडणे म्हणजे आपले काम विठ्ठलावर ढकलणे होय. जनाबाईला मानणाऱ्याने दुबळ्यावर आळ आला की शिक्षेआधी त्याचे म्हणणे ऐकावे आणि पुरावा तपासावा. एवढे केले तरच तिच्या कथेवर आपली श्रद्धा आहे असे म्हणता येईल.