न आठवणारी वेदना

‘त्याला कुठे आठवणार आहे!’ सोनोग्राफीच्या खोलीबाहेर आजी असं म्हणते, आणि कधी कधी आत डॉक्टरही. समोर आतड्यात आतडं शिरलेलं आठ-नऊ महिन्यांचं बाळ. पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मग निपचित पडतं, थोड्या वेळाने पुन्हा कळ येते. शीतून रक्त आणि आव. आतडं अजून जिवंत असेल तर ऑपरेशन टाळता येतं: गुदद्वारातून नळी घालून सलाईन किंवा हवा दाबाने सोडायची आणि अडकलेला भाग मागे सारायचा. कोपनहेगनच्या हिर्शस्प्रुंग या डॉक्टरांनी १८७६ मध्ये पाण्याच्या दाबाने हेच करून दाखवलं होतं. मी भूलतज्ज्ञ. या बाळाला भूल द्यायची का, हे मला ठरवायचं असतं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात, सुखदुःखं येतात-जातात, ती सोस. हे मला मनापासून पटतं. पण सोसायला ‘हे जाणार आहे’ एवढं तरी ठाऊक असावं लागतं. अर्जुनाला ते सांगता आलं, बाळाला कोण सांगणार? त्याच्यापाशी आत्ताचा क्षण तेवढा आहे, आणि तो सगळा कळेने भरलेला आहे. आठवण राहणार नाही म्हणून त्याची वेदना कमी कशी होईल? उलट, तिला कुठे कडाच नाही.

मिडाझोलाम हे गुंगीचं औषध दिलं की आठवण पुसट होते, पण त्याने वेदना थांबत नाही. बाळ रडतं आणि विसरतं. ‘आठवणार नाही’ एवढ्यावर ज्याचं समाधान होतं, त्याला हे औषध पुरेसं वाटेल. मला वाटत नाही. म्हणून मी केटामाइनसारखं, दुखणं मारणारं औषध धरते. १९८७ मध्ये संशोधक आनंद आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं, की पुरेशा वेदनाशमनाशिवाय ऑपरेशन झालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरात ताणाची संप्रेरकं उसळतात. तो अभ्यास मोलाचाच. पण ती संप्रेरकं मोजली गेली नसती, तरी त्या बाळांना दुखलंच असतं.

‘भोग आहेत, भोगूनच संपायचे,’ असंही कानावर येतं. कर्म मीही मानते. पण दुसऱ्याचे भोग बघत उभं राहा, असं कर्मसिद्धान्त कुठे सांगतो? सिरिंज हातात असताना मी काय करते, ते माझं कर्म.

तरी दर वेळी भूल देता येतेच असं नाही. पोट तट्ट फुगलेलं, बाळ हिरवं ओकतंय, अशा वेळी उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती खरी असते. भुलीने स्नायू सैल पडून आतडं सुटायला मदत होते, असं काही जण मानतात. रडताना पोटात वाढणारा दाब आतडं फुटू देत नाही, असं इतर. वाद मिटलेला नाही, आणि उशीर झाला तर आतडं काळं पडतं. कधी मला भुलीला नकार द्यावा लागतो. तेव्हा आईला आत बोलावून सांगते, ‘ताई, त्याला दुखणार आहे. तुम्ही त्याच्या डोक्याशी उभ्या राहा, बोलत राहा त्याच्याशी.’