घरातला गहू आणि देवाचा प्रसाद



दत्तभक्तहो, देवाच्या दारात हातावर आलेला प्रसाद परत केला तर दोष लागतो का, आणि घरातलं चांगलं, कीड न लागलेलं धान्य घराबाहेर काढलं तर तो अन्नाचा अपमान होतो का, हे दोन प्रश्न गेलं वर्षभर आमच्या घरात घोळत आहेत. मी शास्त्री नव्हे. बी.कॉम. होऊन बँकेत छत्तीस वर्षं आकडे मांडलेला माणूस. पण श्रीगुरुचरित्राची पारायणं झाली आहेत, त्या बळावर चार शब्द लिहितो.

आमची नात नऊ वर्षांची. पोट सदा फुगलेलं, रक्त कमी, उंची वाढेना. मिरजेला नेऊन रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतड्याचा बारीक तुकडा तपासला, तेव्हा सीलिअॅक असल्याचं कळलं. गव्हात आणि सातूत ग्लूटेन नावाचा चिकट भाग असतो. कणीक मळल्यावर जी ताणली जाते ती त्याच्यामुळेच. काहींच्या शरीराला तो चालत नाही. आतड्याच्या आतलं मऊ अस्तर झडतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. याला गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू जन्मभर बंद, हेच औषध. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाची शंका आधीपासून होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे तिकडे पाव मिळेना, माणसं उपाशी मरू लागली, आणि त्याच काळात ही रोगी मुलं मात्र सुधारताना दिसली. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. दुष्काळात कुणाची तब्येत सुधारावी, ही देवाची लीला आम्हा माणदेशातल्या माणसांना पटायला जरा जड जाते.

यात ‘थोडं चालतं’ हा प्रकार नाही. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन असेल तरच पाकिटावर ग्लूटेनमुक्त असं लिहिता येतं. तांदळाचा एक दाणा साधारण तेवढ्याच वजनाचा भरतो. एक किलोत एक दाणा! हे ऐकल्यावर आमच्या सौ.नी स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि पदर खोचला.

काय काय निघालं म्हणता! उन्हाळ्यात निंबाचा पाला घालून भरलेली गव्हाची कोठी, रवा, मैदा, शेवया, कुरडया, खारी, टोस्ट, बिस्किटं. हे ओळखीचे चोर. पण डबीतला हिंगसुद्धा निघाला, कारण बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो. खपली गहू पचायला हलका म्हणून लोक सांगतात, पण तोही शेवटी गहूच. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, तांदूळ चालतात, म्हणजे आटपाडीच्या माणसाला खरं तर काही कमी नाही. आमच्या लहानपणी चपाती सणालाच व्हायची. अडचण झाली गिरणीची. गव्हावर आपली ज्वारी दळली की मागचं पीठ पुढच्यात येतं. शेवटी घरघंटी घेतली. तवा नवा आणला. लाकडी पोळपाट-लाटण्याच्या चिरांत पीठ बसतं, ते धुऊन जात नाही. हे पोळपाट माझ्या आईचं. सौ.नी ते पुसून माझ्या हातात दिलं आणि काही बोलल्या नाहीत.

तेव्हा मला अठराव्या अध्यायातला घेवड्याचा वेल आठवला. गरीब ब्राह्मणाच्या दारात एकच वेल, घरात धान्य नसेल त्या दिवशी त्याच्याच शेंगांवर भागायचं. श्रीगुरूंनी भिक्षेला घेवड्याची भाजी खाल्ली आणि जाताना तोच वेल उपटून टाकला. घरातली बाई रडली. पुढे वेलाच्या मुळाशी द्रव्याचा कुंभ सापडला, म्हणून आपण ती कथा आनंदाने वाचतो. पण कुंभ सापडेपर्यंत त्या बाईला काय वाटलं असेल, यावर आपण फारसं थांबत नाही. आम्ही थांबलो. आमच्या ओट्याखाली कुंभ नव्हता. पोळपाट माळ्यावर ठेवलं, एवढंच.

आता अन्नाच्या अपमानाचं. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, दुष्काळी कामावरची सुकडी खाल्ली. त्या पिढीच्या हातून अन्न टाकवत नाही, आणि आम्ही टाकलंही नाही. कोठीतला गहू दोन घरी गेला. शेवया-कुरडया शेजारी. एकाने विचारलं, “तुमच्या पोरीला बाधतंय ते आमाला कसं चालंल वो?” प्रश्न रास्त होता. बँकेत पहिल्या आठवड्यात शिकवतात की ठेवीदाराचं जे येणं, तेच बँकेच्या वहीत देणं असतं. रक्कम एकच, कुणाच्या खात्यावर आहे यावर सगळं. गहू विष नव्हे, आमच्या एका खात्यावर तेवढा तो चालत नाही. मात्र याला दान म्हणू नये असं माझं मत आहे. वाजश्रवसाने दूध आटलेल्या गाई दान दिल्या, ते लहानग्या नचिकेताला खटकलं. आमचा गहू चांगला होता, तरी आम्हाला नको होता म्हणून दिला. एका खात्यातून दुसऱ्यात वर्ग केला. पुण्य जमा करून घ्यायचं कारण नाही.

प्रसादाचं मात्र अवघड गेलं. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा. महाप्रसादाला आपल्याकडे गव्हाची खीर. नात हात मागे घेते, तेव्हा म्हातारी माणसं मायेनेच म्हणतात, “आगं, एवढ्यानं काय हुतंय? देवाचं हाय ते.” आणि तेराव्या अध्यायाचा दाखला देतात. पोटशूळाने त्रासलेला ब्राह्मण, अन्नच ज्याचं वैरी, तो गोदावरीत जीव द्यायला निघाला. श्रीगुरूंनी त्याला पोटभर जेवू घाला असं सांगितलं. सायंदेव घाबरला, पण त्याच्या घरी जेवून ब्राह्मणाची व्यथा गेली. मग प्रसादाने पोरीला कसं बाधेल?

मला वाटतं, इथे आपण कथा अर्धी वाचतो. त्या ब्राह्मणाला जेवू घाला हे समोर बसलेल्या सद्गुरूंनी सांगितलं. शिऱ्याचा द्रोण पुढे करणारे आपण सद्गुरू नव्हे. शिवाय सायंदेवाची भीती महाराजांनी पाखंड ठरवली नाही, त्याला धीर दिला. घरात आलेल्या पाहुण्याला काय सोसतं याची काळजी करणारा तो गृहस्थ होता, आणि आपणही गृहस्थच आहोत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आपलं दैवत भिक्षेकरी. मिळेल ते खावं, निवड करू नये, ही या मार्गाची शिस्त. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यात अजगर आहे. समोर येईल ते गिळतो, हवं-नको करत नाही. पण त्याच यादीत मासाही आहे, जो जिभेपायी गळाला लागून मरतो. दोघेही गुरूच. निवड करू नये हे जिभेच्या लाडांसाठी सांगितलं आहे. नातीला तर शिरा हवासा वाटतो! ती नाही म्हणते तेव्हा जीभच आवरते. आपण चातुर्मासात एखादी भाजी सोडतो आणि चारचौघांत सांगतो. या पोरीने न सांगता जन्माचा नेम धरला आहे, आणि आपण तिलाच प्रसादाचा मान शिकवतो.

माझी खरी तक्रार आग्रहाशीही नाही. दर वेळी नाही म्हणायचं ओझं एकट्या लेकराच्या खांद्यावर पडतं, ते मला बघवत नाही. म्हणून घरात सगळ्यांनीच गहू सोडला. मुलगा बाहेर चपाती खातो, खाऊ दे. घरात मात्र तिचं ताट वेगळं नाही. सूनबाई पहिल्यांदा म्हणाल्या, एकीसाठी सगळ्यांना कशाला? सौ. म्हणाल्या, एकादशीला नाही का सगळं घर भगर खात.

देवळातही फार काही लागत नाही. आटपाडीचं डाळिंब नैवेद्याला कुठे कमी पडतं? खोबरं-खडीसाखर आहे, फुटाणे आहेत. तांदळाची खीर एका लहान पातेल्यात आधी काढून ठेवावी, तिचा डाव गव्हाच्या खिरीत बुडवू नये, म्हणजे झालं. विश्वस्त मंडळींपुढे हे मांडलं आहे. साखरेचं पथ्य असणाऱ्या दोघा-तिघांनीही लगेच आपलं म्हणणं त्यात घातलं, त्यामुळे बैठक जरा लांबली.

मार्गशीर्ष पौर्णिमेला जन्मकाळानंतर वाटायच्या सुंठवड्यात गहू मुळातच नसतो. सुंठ, सुकं खोबरं, खारीक, खसखस, साखर. तरी कुणाच्या खलबत्त्यात काय कुटलेलं असेल सांगता येत नाही, म्हणून यंदा कुटायचं काम आम्ही मागून घेतलं आहे. खलबत्ता धुऊन उन्हात ठेवला आहे. सुंठ नाकात गेली की नातीला शिंका येतात, तेव्हा ती तोंडाला फडकं बांधून बसणार आहे.