शंकेचा फायदा कोणाला?

रणांगणावर ज्याचा पाय गेला, त्याला आपल्या दुःखाची साक्ष काढावी लागत नाही. काखेतील कुबडी हीच त्याची साक्ष. परंतु जड शिरस्त्राण आणि ट्रकचे हादरे सोसून ज्याची मान झिजली, पाठीवरच्या ओझ्याने ज्याच्या कमरेच्या मणक्यांमधील चकती सरकली, तो सैनिक चारचौघांत धडधाकटच दिसतो. लग्नाच्या मांडवात तो हसून बोलतो, लोकांना बसायला खुर्च्या देतो. रात्री कूस बदलताना त्याला काय होते, हे घरच्या माणसांनाच ठाऊक. असा मनुष्य सरकारदरबारी जाऊन म्हणतो की, माझे हे दुखणे सेवेत लागले आहे, तेव्हा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा काय? ठेवावा तर किती? वरवर पाहता हा प्रश्न हिशेबनिसाचा वाटतो. आम्हांला तो नीतीचा वाटतो. दुसऱ्याच्या देहातील वेदना आपल्याला कधीच जाणवत नाही. ती आपण त्याच्या तोंडून ऐकतो, एवढेच.

या प्रश्नावर सर्वांत अधिक कागद खर्ची पडला असेल तो अमेरिकेत. तेथे माजी सैनिकांच्या अपंगत्वाच्या दाव्यांत मान आणि पाठ यांची दुखणी फार मोठ्या संख्येने येतात. ती मोजण्याची रीत पाहण्यासारखी आहे. निरोगी माणसाची मान पुढे ४५ अंशांपर्यंत वाकते असे तेथील नियम धरतो. डॉक्टर कोनमापक घेऊन बसतो आणि सैनिकाला मान वाकवायला सांगतो. मान १५ अंशांवर किंवा त्याआधी अडली, तर अपंगत्व ३० टक्के. १५ अंशांच्या पुढे पण ३० च्या आत थांबली, तर २० टक्के. म्हणजे पंधराव्या आणि सोळाव्या अंशांमध्ये एका कुटुंबाला दरमहा मिळणाऱ्या रकमेतला फरक लटकलेला असतो. यात दुष्टावा नाही, हे आम्ही मान्य करतो. लाखो माणसांना एकाच मापाने न्याय द्यायचा, तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण कोनमापक मानेची हालचाल मोजतो, वेदना मोजत नाही. आणि दावा तर वेदनेचा असतो.

मग क्ष-किरणांचे चित्र काढावे, असे कोणी सुचवील. तेथेही निराशाच पदरी येते. ज्यांना पाठीची कसलीही तक्रार नव्हती अशा लोकांच्या मणक्यांच्या चित्रांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. झीज दिसते आणि दुखत नाही. उलट, चित्र स्वच्छ असते आणि माणूस कळवळतो. यंत्राला विचारून माणसाला विचारण्याची जबाबदारी टाळता येत नाही, इतकेच यावरून सिद्ध होते.

उरतो तो जुना कागद. सेवेत असताना दुखापतीची नोंद झाली होती काय, हे पाहून निकाल द्यावा, यात गैर ते काय? आम्हांला या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते, कारण सगळ्या प्रकरणाचे मर्म इथेच आहे.

सैनिकाला पहिल्या दिवसापासून काय शिकवले जाते? कुरकुर करू नये. आपल्या टोळीवर आपला भार पडू देऊ नये. वारंवार दवाखान्याच्या रांगेत उभा राहणारा जवान कामचुकार समजला जातो. ज्याला बढती हवी असते तो तर मान अवघडली तरी मलम चोळून कवायतीला हजर होतो. या मौनाला सेना सद्‌गुण म्हणते, आणि ते तसे असेलही. पण वीस वर्षांनी तोच मनुष्य अर्ज घेऊन येतो तेव्हा त्याला सांगण्यात येते की, तुमच्या कागदपत्रांत तक्रारीची नोंद नाही, सबब तुम्हांला तक्रार नव्हती. जे मौन आपण त्याच्याकडून मागून घेतले, तेच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे करणे, ही गोष्ट आम्हांला केवळ कठोर नव्हे तर अप्रामाणिक वाटते. अमेरिकेतील एका वरिष्ठ न्यायालयाने २००६ साली निर्णय दिला की, त्या काळातील वैद्यकीय नोंद नाही एवढ्याच कारणावरून सैनिकाची, किंवा त्याला ओळखणाऱ्यांची, साक्ष अविश्वसनीय ठरवता येणार नाही. पत्नीची साक्ष, बरोबरच्या जवानाचे पत्र, यांना त्यामुळे वजन आले.

हे न्यायालयाचे दारही फार पूर्वीपासून उघडे नव्हते. १९८८ साली कायदा झाला, तोपर्यंत खात्याने दावा फेटाळला की सामान्यतः त्यावर न्यायालयात दाद मागता येत नसे. यादवी युद्धाच्या काळापासून चालत आलेल्या एका नियमानुसार अशा दाव्यात वकिलाला दहा डॉलरपेक्षा अधिक फी घेण्याची मनाई होती. हेतू चांगला होता; वकिलांनी गरीब सैनिकांना लुबाडू नये. परिणाम असा झाला की, सव्वाशे वर्षांनीही त्या दहा डॉलरांत कोणी वकील मिळेना.

नव्या न्यायालयाने १९९० साली शंकेच्या फायद्याचा नियम समजावून सांगताना बेसबॉलची उपमा दिली : धावणारा गडी आणि चेंडू एकाच क्षणी पोहोचले, तर कौल धावणाऱ्याच्या बाजूने. आमच्या वाचकांना ती उपमा परकी वाटू नये. क्रिकेटच्या मैदानावर पंचाला शंका आली की फायदा फलंदाजाला, हे आपल्या गल्लीतल्या पोरांनाही कळते. दोन्ही बाजूंचा पुरावा समतोल असेल तर पारडे सैनिकाकडे झुकावे, असे तेथील कायदाच सांगतो.

यावर आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. सरकारचा पैसा म्हणजे कोणाचा? तो रोजंदारीवर जाणाऱ्या विधवेच्या खरेदीतूनही गोळा होतो. खोटे बोलून पेन्शन घेणारा सैनिक तिच्या ताटातले घेतो. खोटे दावे होतात, हेही नाकारण्यात अर्थ नाही. तेव्हा चौकशी नकोच, असे आम्ही म्हणणार नाही. पण दोन चुका एकाच तराजूत घालता येतील काय? लबाडाला पैसे गेले तर सर्वांचे थोडे थोडे नुकसान होते; खऱ्याला हाकलले तर एका माणसाचे सगळेच जाते, आणि वर त्याला खोटारडा म्हटल्याचा डाग उरतो. शिवाय अविश्वासाने लबाडी कमी होते असेही नाही. जेथे शब्दाला किंमत नसते तेथे प्रामाणिक मनुष्यालाही कण्हून दाखवावे लागते. तपासणीचा दिवस नेमका बरा निघाला आणि त्याने तसे सांगितले, तर खरे बोलल्याची शिक्षा त्यालाच. या अडचणीवर तेथील न्यायालयाने २०१७ साली असा तोडगा काढला की, दुखणे उसळते त्या दिवसांत हालचाल किती उरत असेल, याचा अंदाज डॉक्टरने सैनिकाला विचारून बांधलाच पाहिजे. आणि २०१८ साली वरिष्ठ न्यायालयाने मान्य केले की, रोगाचे नाव सापडले नाही तरी काम करण्याची शक्ती हिरावून घेणारी वेदना हेच अपंगत्व असू शकते. हे मान्य व्हायला इतकी वर्षे लागली!

आपल्या देशात वैद्यकीय मंडळाचा ठरावीक शेरा असतो : आजार सेवेमुळे उद्भवला नाही, सेवेमुळे वाढलाही नाही. या एका ओळीने कितीतरी अर्ज निकालात निघाले. १९८५ साली भरती झालेल्या आणि १९९४ साली फेफऱ्यामुळे घरी पाठवलेल्या धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तत्त्व घालून दिले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो जवान तेव्हा निरोगी होता असे धरावे, मंडळाने आपल्या मताची कारणे द्यावीत, आणि शंकेचा फायदा सैनिकाला मिळावा. २००९ पासून सशस्त्र सेना न्यायाधिकरण काम करते. मुंबईतही त्याचे खंडपीठ आहे. मानेच्या आणि कमरेच्या मणक्यांची प्रकरणे तेथेही येतात.

आपल्या नियमांत टक्क्यांचा आणखी एक चमत्कार आहे. मुदत पुरी करून निवृत्त होणाऱ्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून कमी ठरले तर त्यापोटी काही मिळत नाही. २० ठरले आणि सेवेशी संबंध मान्य झाला, तर ते वाढवून ५० धरले जाते; २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही सवलत अशा निवृत्तांनाही लागू असल्याचे सांगितले. अर्थात १५ की २०, हे मंडळाच्या मेजावर काही मिनिटांत ठरते. आणि त्या मेजासमोर उभा असलेला जवान, ‘कसे काय वाटते?’ या पहिल्याच प्रश्नाला जन्मभराच्या सवयीने उत्तर देतो, ‘ठीक आहे, साहेब.’