घासाघीस

मागच्या हिवाळ्यात मी एका लोहाराचे दीडशे रुपये खाल्ले. चोरी केली नाही, दमदाटी केली नाही. दोघांच्या राजीखुशीने खाल्ले. म्हणून पोलीस आले नाहीत, पंचायत बसली नाही. फक्त माझी माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या दीडशे रुपयांचा हिशेब मला तुमच्यासमोर मांडायचा आहे. कारण मला वाटतं, हा हिशेब माझ्या एकट्याचा नाही.

मी ब्रह्मपुरीत राईस मिलमध्ये हमाली करतो. आमचा मुलूख धानाचा. दिवाळीनंतर धान निघालं की मिलचा पट्टा दिवसरात्र फिरतो. कट्टा पाठीवर घ्यायचा, थप्पी लावायची, कोंडा नाकातोंडात घ्यायचा. शाळा नववीपर्यंत. बाकीचं जे काही वाचलं ते बाबासाहेबांच्या पुस्तकांनी वाचायला लावलं. रात्री जमल्या तर चार ओळी लिहितो.

मायचं सारं आयुष्य दुसऱ्याच्या बांधीत गेलं. चिखलात वाकून रोवणा केला, विळ्यानं धान कापलं. एका वर्षी कापणीत विळा बसला आणि उजव्या हाताची शेवटची दोन बोटं कायमची ताठ राहिली. मुठीत येत नाहीत. आता गुडघेही गेले. ती एका वसतिगृहात स्वयंपाकाला जाते. रोज पायलीभर कांदे, वांगी, भोपळा चिरायचा. पावशीवर बसणं होत नाही. उभ्यानं चिरायचं तर सुरी पाहिजे. दुकानातल्या सुरीची मूठ बारीक. तीन बोटांत ती फिरते, आणि कांद्याऐवजी हात कापतो. तीन सुऱ्या झाल्या. तिन्ही पडून राहिल्या.

म्हणून मी लोहाराकडे गेलो. बाजाराच्या कडेला त्याचं पाल आहे. भाता, ऐरण, भंगारातल्या लोखंडाचा ढीग. तो सांडशीनं लोखंड धरतो, त्याची बायको उभी राहून घण मारते. मी म्हणालो, काकाजी, सुरी पाहिजे. त्यानं पहिले मला खालून वर पाहिलं. "कायले पायजे?"

हा प्रश्न आपल्या पोरांना नवीन नाही. पुस्तक घेतलं तरी लोक विचारतात, कशाला पाहिजे. सुरी म्हटल्यावर तर विचारणारच. कायदा साधा आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं असेल तर हत्यारांच्या नियमात येतं. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. मी म्हणालो, मायसाठी पाहिजे, सात इंचाची, भाजी चिरायला. आणि तिच्या बोटांची गोष्ट सांगितली.

तेव्हा तो बदलला. त्यानं मातीचा ओला गोळा माझ्या हातात दिला. म्हणाला, "मायले म्हना, सुरी धरते तशी हे धरा. दाबा. मंग वारवून आना."

मायनं गोळा मुठीत दाबला. तीन बोटांचे खड्डे, दोन ताठ बोटांची आडवी रेघ, तळहाताचा फुगवटा, सगळं त्यात उतरलं. मी बराच वेळ तो गोळा पाहत बसलो. माझ्या मायच्या हाताचा ठसा आजवर अनेकांनी घेतला. शाई लावून, अंगठा धरून, कागदावर दाबून. पण तिला काय सोयीचं पडेल हे समजून घ्यायला कोणी तिचा ठसा मागितला, असं मला आठवत नाही.

आपल्या मागच्या पिढ्यांनी कधी काही सांगून बनवून घेतलं होतं का? अंगावर उतरलेलं कापड, ताटात उरलेलं अन्न. जे मिळेल ते आपल्या मापाचं. 'मला असं पाहिजे' हे वाक्य आपल्या बोलीत नव्हतंच. ते वाक्य बाबासाहेबांनी आपल्या तोंडात घातलं. एका मोलकरणीच्या तीन बोटांसाठी सुरी बनवून घेणं ही गोष्ट छोटी नाही. त्या दिवशी मी ताठ मानेनं बाजारातून चाललो होतो. पुढचं सांगायला म्हणूनच लाज वाटते.

चार दिवसांनी गेलो. पातं माझ्यासमोर शेवटाला आलं. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा त्यानं कापून घेतला होता. साध्या लोखंडाला धार धरत नाही, ते वाकतं. कमानीच्या पाट्यात पोलाद असतं. भट्टीत तो लाल झाला की ऐरणीवर, काळा पडला की परत भट्टीत. असं किती वेळा झालं, मी मोजलं नाही. घण मारणाऱ्या बाईच्या दंडावरून घाम वाहत होता. मग पाणी द्यायचं काम. त्यानं पातं तापवलं, रंग पाहिला आणि इंजिनच्या जळक्या तेलात बुडवलं. मग परत हलकं शेकलं, पिवळसर छटा येईपर्यंत. मी विचारलं, आता परत कशाला? तो म्हणाला, "नुसतं पानी देल्लं त काचेवानी तडकते. थोडा राग उतरवा लागते." मातीच्या गोळ्यावरून त्यानं लाकडाची मूठ कोरली होती. तीन खड्डे, एक आडवी खाच. तशी मूठ जगात एकच.

मी विचारलं, किती द्यायचे?

"साहाशे."

इथं मित्रांनो, मी माझ्या तोंडून मालकाचा आवाज ऐकला. मी म्हणालो, "काकाजी, बाजारात कंपनीची सुरी ऐंशी रुपयाले भेटते."

"मंग तेच घ्या ना बाबू."

"साडेचारशे देतो. नाही तर राहू द्या."

तो गप्प झाला. त्यानं बायकोकडे पाहिलं. बाजार उठत होता. मग म्हणाला, "दे बापा."

मी दीडशे रुपये वाचवले म्हणून खुशीत घरी आलो. मायनं सुरी हातात धरली. बोटं बरोबर खड्ड्यात बसली. एक कांदा चिरला, दुसरा चिरला. हसली. मग विचारलं, केवढ्याची? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, साहाशे म्हणत होता, साडेचारशेत आणली.

तिनं सुरी खाली ठेवली. म्हणाली, "तुमी मालकाले म्हनता रेट वाढवा. अन् तू लोहाराचा रेट पाडून आलास. मंग तुह्यात अन् मालकात फरक काय?"

मी भांडलो. माझ्याकडे वकिली खूप. ती तुमच्याकडेही असेल, म्हणून एकेक बाजू मांडतो.

पहिली बाजू. तो राजी झाला होता. मी काही त्याच्या हातातून हिसकावून घेतली नाही. पण मिलमध्ये काय होतं? यंदा आम्ही कट्ट्यामागे एक रुपया वाढवून मागितला. मालक म्हणाला, परवडत नसेल तर दुसरी माणसं बाहेर उभी आहेत. आम्ही राजी झालो. त्या राजीखुशीला आम्ही काय म्हणतो? भुकेची सही म्हणतो. मग लोहाराच्या 'दे बापा'ला मी वेगळं नाव कसं देऊ?

आणि माझं करणं त्याहून वाईट होतं. ती सुरी मायच्या तीन बोटांसाठी बनली होती. दुसऱ्या कोणाच्याही हातात ती टोचली असती. मी नेली नसती तर ती विकली गेली नसती. पाटा गेला, कोळसा गेला, दिवस गेला. हे मला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच मी भाव पाडू शकलो. दुकानातल्या सुरीचा भाव पटला नाही तर दुकानदार ती दुसऱ्याला विकेल. सांगून बनवून घेतलेल्या वस्तूवर, काम संपल्यावर घासाघीस करणं म्हणजे थप्पी लावून झाल्यावर हमालाचा रेट कापणं. घाम पाठीत परत जात नाही.

दुसरी बाजू जास्त कडू आहे. माझा आजा सांगायचा, त्याच्या गावचा लोहार आमच्या माणसांचा विळा हातात देत नव्हता. जमिनीवर टाकायचा. हे उचला म्हणायचा. मी मायला म्हणालो, त्यांनी आपल्याला जमिनीवरून उचलायला लावलं, दीडशे रुपये गेले तर काय बिघडलं?

हे म्हणताना बरं वाटत होतं. पण विचार करा. गावगाड्यात लोहारही बलुतेदार होता, महारही बलुतेदार. दोघंही कुणब्यापाटलाच्या खळ्यावर हात पसरून उभे. तरी लोहार आपल्याला शिवत नव्हता. बाबासाहेबांनी याला क्रमिक विषमता म्हटलं. प्रत्येकाच्या डोक्यावर कोणी तरी, आणि प्रत्येकाच्या पायाखाली कोणी तरी. १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी दाखवलं की जात ही नुसती कामांची वाटणी नव्हे, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. वरच्याचा राग खालच्यावर काढायचा, हाच त्या जिन्याचा नियम. आज माझ्या खिशात मिलचा पगार आहे आणि तो लोहार पालात राहतो. मी त्याचा भाव पाडला तेव्हा जिना मोडला का? नाही. मी फक्त एक पायरी वर सरकलो.

मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपल्या तोंडाचा विटाळ होई. अडवणारे नुसते मालक नव्हते, कामगारही होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी दार उघडा म्हटलं. विणकरांची मजुरी कापा, असं मागणं केलं नाही. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांसमोर त्यांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिल्याला बाहेर शोधतो. दुसरा आपल्याच खिशात हात घालून बसलेला असतो, तो दिसत नाही.

तिसरी बाजू. मी तरी कुठं श्रीमंत आहे? खरं आहे. पण माझी गरिबी लोहारानं केलेली नाही. जरा आपल्या जिल्ह्याकडे पाहा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोटात लोखंडच लोखंड. लोहारा गावच्या लोखंडाबद्दलचा अहवाल १८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि त्यांच्या डोक्यात पोलादाच्या कारखान्याचं आलं. जवळचा कोळसा कामाचा निघाला नाही, कारखाना पुढं साकचीला गेला. आज एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर खणला जातो. तिथल्या माडिया-गोंडांचा देव त्याच डोंगरावर. लोखंडाला एवढा भाव, आणि ते हातानं घडवणारा माणूस भंगारातून ट्रकचा पाटा किलोनं विकत घेतो. माझे दीडशे रुपये त्या डोंगरातून काढायची माझी ताकद नाही. म्हणून मी ते पालातून काढले. गरीब माणूस भाव पाडतो तो नेहमी त्याच्यापेक्षा गरिबाचा, कारण दुसऱ्या कोणाचा पाडणं त्याला जमत नाही. हे कारण झालं. समर्थन नाही.

आता तुमच्याआमच्या चळवळीचं बोलतो. चौदा एप्रिलला मंडप घालतो, तेव्हा मंडपवाल्याला काय म्हणतो? बॅनर रंगवणाऱ्या पोराला, बँडवाल्याला, स्वयंपाकाच्या बायांना काय म्हणतो? "समाजाचं काम आहे, थोडं कमी करा." कित्येकदा काम झाल्यावर म्हणतो. स्टेजवर शोषणावर भाषण, आणि स्टेजमागे स्टेज बांधणारा आपल्या पैशासाठी उभा. मी स्वतः अशा दोन मंडपांचे हिशेब केले आहेत. त्या वेळी मला ते हुशारीचं वाटलं होतं.

दोन दिवसांनी मी दीडशे रुपये घेऊन पालावर गेलो.

लोहार म्हणाला, "आता कायचे?"

"राहिलेले."

"राहिले कुठं? साडेचारशे तूच त ठरवले होते."

"मायनं पाठवलं."

त्याचा चेहरा आवळला. "मायले सांग, आमी मांगत नाही. दान नोको."

मला शब्द सुचेना. दान नाही, मजुरी आहे, असं काही तरी बोललो. तो भात्याकडे वळला. मी नोटा धरून तसाच उभा. मग त्याची बायको घण खाली ठेवून उठली, पदराला हात पुसला आणि माझ्या हातातून पैसे घेतले.

"घन मी मारला," ती म्हणाली. "माहा हिस्सा राह्यला होता."

लोहार काही बोलला नाही. मीही नाही. सहाशेचे साडेचारशे करताना मी पोलाद धरलं होतं, कोळसा धरला होता, त्याचा दिवस धरला होता. ती माझ्यासमोर उभी राहून घण मारत होती, तरी माझ्या हिशेबात ती नव्हती. बहुतेक त्याच्याही नव्हती.

मी यातून एवढंच शिकलो. 'मला असं पाहिजे' म्हणायचा हक्क आपण लढून मिळवला. तो हक्क वापरताना भाव कामाच्या आधी विचारावा. थोडे पैसे आधी द्यावे. त्या वस्तूला किती हात लागले ते मोजावं, आणि मोजताना बायांचे हात सुटू देऊ नयेत. मग परवडत नसेल तर नको म्हणावं, त्यात लाज नाही. पण घाम गाळून झाल्यावर त्याची घासाघीस करू नये. ते काम मालकाचं आहे. तो ते रोज करतोच.

माय आता त्याच सुरीनं चिरते. बोट कापलं नाही अजून.