खांदा

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांची खांदेमळणी असते. जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर जू ठेवायचंच नाही. राबणाऱ्याला विसावा द्यावा, एवढा न्याय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या कळतो. माणसाच्या खांद्याचं मात्र ध्यानात राहत नाही.

माझ्या चुलतभावाचा मुलगा बारा वर्षांचा. सेरेब्रल पाल्सीमुळं त्याला आधाराशिवाय बसता येत नाही, बोलता येत नाही. अंघोळ, जेवण, रात्री कूस बदलणं, सगळं वहिनींकडं. येणारा-जाणारा म्हणतो, "धन्य बाई तुमची! देवानं बघूनच तुमच्या पदरात घातलंय." हे कौतुक मला फार स्वस्त वाटतं. बाईला एकदा देवी केलं, की तिची पाठ दुखते का, हे विचारायला नको.

एकदा वहिनी म्हणाल्या, "भावजी, दोन रात्री माहेरी जाऊन नुसतं झोपावं वाटतं. पाप लागंल का वो?"

पाप कशाचं? थकलेली आई पोरावर खेकसते, मग स्वतःच रडत बसते. तिची माया आटलेली नसते, अंग आटलेलं असतं. अशा आईला एकच धास्ती, "माझ्यामागं याचं कोण?" तिनं एकटीनं आणखी राबून ती धास्ती जात नाही. दुसऱ्याच्या हातचं खायची पोराला सवय झाली, तरच जाते. म्हणून आईचा विसावा म्हणजे पोराच्या वाट्यातून घेतलेलं काही नव्हे. ती त्याच्याच पुढच्या दिवसांची बेगमी.

सरकारदरबारी हे मान्य आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद आहे. घरच्यांना उसंत मिळावी म्हणून काही दिवस सांभाळ करणारी 'समर्थ' योजना नॅशनल ट्रस्टची आहे. पण हे वस्तीपर्यंत येईस्तोवर काय करायचं?

पेरणीला करतो तीच सावड. आधी पोराचा बाप शिकला, मग मी आणि माझी बायको. पाठीला आधार देऊन ताठ बसवायचं, मऊ भाताचा लहान घास द्यायचा, तो गिळल्याबिगर दुसरा नाही. वहिनींनीच शिकवलं. गेल्या दिवाळीत त्या दोन रात्री माहेरी झोपून आल्या.

सावडीत कुणाचे उपकार नसतात. आज तुझं रान, उद्या माझं. आणि म्हातारपणी घास भरवायला कुणीतरी आपल्यालाही लागणारच आहे.