बेथलेहेमच्या वेशीवरचे पाणी

(शास्त्रपाठ: २ शमुवेल २३:१३-१७)



दावीद अदुल्लामच्या गुहेत होता आणि बेथलेहेमात पलिष्ट्यांचे ठाणे होते. आपल्या गावच्या विहिरीचे पाणी त्याला प्यावेसे वाटले. तिघे वीर शत्रूची छावणी फोडून ते घेऊन आले. पण दाविदाने ते ओठांना लावले नाही, परमेश्वरापुढे ओतले. शब्बाथ शाळेत मुले हमखास विचारतात, मग ते पाणी वाया नाही का गेले? शिक्षकांनी हा प्रश्न उडवून लावू नये. तहान दाविदाची होती, जीव मात्र त्या तिघांचा पणाला लागला होता. ती किंमत एकट्याच्या घशाखाली उतरवणे त्याला जमले नाही.

आता इंदूरचे नळ पाहा. होळकरांच्या काळातील यशवंत सागर व जुने तलाव वाढत्या वस्तीला पुरेनात, तेव्हा १९७० साली नागरिकांनी नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन केले आणि १९७८ मध्ये ते शहरात आले. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्याचा चढ चढून ते येते. नदी आपण होऊन डोंगर चढत नाही. तिला चढवायला रात्रंदिवस पंप लागतात, पंपांना वीज लागते, आणि आपल्या देशातील बहुतेक वीज अजून कोळशावर होते. १९७१ च्या जनगणनेत सुमारे साडेपाच लाखांचे असलेले हे शहर २०११ मध्ये एकोणीस लाखांवर गेले. तोटी फिरवताना यातले आपल्याला काही दिसत नाही. वापरलेले पाणी पुढे कुठे जाते तेही दिसत नाही: कान्ह नदी क्षिप्रेला मिळते, आणि खाली उज्जैनचे लोक आहेत. नदीत थेट पडणारे सांडपाणी अडवण्याचे मोठे काम शहराने अलीकडे केले, त्याबद्दल देवाची स्तुती असो.

दाविदाप्रमाणे पाणी ओतून टाका, असे आम्ही म्हणत नाही. नर्मदेचे पाणी अंगणात ओतणारे आपल्यात आधीच कमी नाहीत! पण मंडळीने आपल्या उपासनामंदिराच्या छपराकडे जरा पाहावे. छप्पर १०० चौरस मीटरचे असले आणि वर्षात ९०० मिलिमीटर पाऊस झाला (इंदूरकडे साधारण तेवढा होतो), तर त्यावर ९०,००० लिटर पाणी पडते व पन्हळीतून रस्त्यावर जाते. पंचांनी मृगाआधी पन्हळी साफ करून घ्याव्यात, पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे आणि पुढचे वाळूतून गाळून आवारातील विहिरीत घ्यावे. छपराची मोजणी आणि फळ्यावरचा गुणाकार शब्बाथ शाळेच्या मुलांकडे सोपवावा.